झुकलेली मान, निळा शेला : सासोफेर्रातोची मरिया रंगवताना

लंडनच्या नॅशनल गॅलरीत सतराव्या शतकातले एक इटालियन तैलचित्र आहे. उंची ७३ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम ५८. चित्रात मरिया, कमरेपर्यंत दिसणारी. मान खाली झुकलेली, नजर खाली, हात जोडलेले. अंगात लाल वस्त्र, डोक्यावर पांढरे कापड आणि त्यावरून दोन्ही खांद्यांवर उतरलेला गडद निळा शेला. मागे नुसता काळोख. कडेवर बाळ येशू नाही, भोवती देवदूत नाहीत, खिडकीतून दिसणारे डोंगर नाहीत. एक बाई प्रार्थना करते आहे, एवढाच मजकूर. 'प्रार्थना करणारी कुमारी मरिया' या नावाने ते ओळखले जाते आणि त्याचा काळ १६४० ते १६५० असा धरतात.

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकू पाहणाऱ्याने पहिली अनुकृती कशाची करावी, असे कुणी विचारले तर मी या चित्राचे नाव घेतो. लोकांना वाटते, सोपे आहे म्हणून. रंगवायला बसले की पहिल्या दोन बैठकींतच तो समज उतरतो. या चित्राचा खरा गुण असा की त्यात लपायला जागा नाही. दागिने, दाढी, सुरकुत्या, जरीकाम यांच्या आडोशाने रेखाटनातली चूक खपून जाते. इथे गुळगुळीत गाल आहे, सरळ नाक आहे, मिटत आलेल्या पापण्या आहेत. केसभर चूक झाली तरी ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते.

चित्रकाराचे नाव जोव्हान्नी बात्तिस्ता साल्वी. जन्म १६०९ चा, इटलीच्या मार्के प्रांतातल्या सासोफेर्रातो गावी. पुढे जग त्याला गावाच्याच नावाने ओळखू लागले. वडील तार्क्वीनिओ साल्वी चित्रकार होते, पहिले धडे त्यांच्याकडचे. पुढचे बरेचसे आयुष्य रोममध्ये गेले. त्या वेळचे रोम म्हणजे बर्निनीचे रोम. शिल्पातले संगमरवरी कपडे वाऱ्यावर उडत होते, चर्चची छते फोडून आकाश खाली उतरत होते. या सगळ्या धामधुमीत सासोफेर्रातो मात्र शंभर-सव्वाशे वर्षे मागे पाहत होता. त्याचे दैवत राफाएल, आणि राफाएल तर १५२० सालीच वारला होता. सासोफेर्रातोने राफाएलच्या आणि त्याचा गुरू पेरुजीनो याच्या चित्रांच्या अनुकृती केल्या. पेरूजातल्या सान पिएत्रो या बेनेडिक्टाइन मठासाठी जुन्या चित्रकारांवरून त्याने केलेली चित्रे आहेत. ही तालीम त्याच्या हातात इतकी मुरली की पुढे काही काळ लोक त्याला राफाएलच्याच पिढीतला समजत होते.

म्हणजे आपण ज्याची अनुकृती करायला बसतो, तो स्वतःच अनुकृती करत मोठा झालेला माणूस आहे. हे चित्रही त्याच्या हातून एकदाच उतरलेले नाही. प्रार्थना करणाऱ्या मरियेच्या याच मांडणीच्या अनेक आवृत्त्या त्याने आणि त्याच्या कार्यशाळेने केल्या. त्यामागे काळाची गरज होती. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने देवचित्रांचे समर्थन केले आणि ती भाविकाला समजतील अशी स्वच्छ असावीत, असा आग्रह धरला. घरात, खासगी प्रार्थनेच्या जागी लावता येतील अशा लहान चित्रांना मागणी होती. भाविकाला शेजाऱ्याकडे पाहिलेला तोच चेहरा हवा असतो, वेगळा चालत नाही. आपल्याला हे सांगायला नको. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि एकाच चेहऱ्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. सासोफेर्रातोच्या काळात तेच काम ब्रशने करावे लागे.

अनुकृतीला आज जरा कमी लेखतात. 'नक्कल' म्हटले की मुले नाक मुरडतात. पण चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या संधीवर चेन्नीनो चेन्नीनीने चित्रकारांसाठी जो ग्रंथ लिहिला, त्यात शिष्याला दिलेला सल्ला स्पष्ट आहे: एक चांगला गुरू निवड, त्याचीच चित्रे रोज गिरव, आज हा उद्या तो असे करू नकोस. रुबेन्स नावारूपाला आल्यानंतरही थांबला नाही. कारावाज्योच्या 'येशूचे दफन' या चित्रावरून त्याने स्वतःची आवृत्ती केली, ती आज कॅनडात ओटावाला आहे. १६२८-२९ मध्ये माद्रिदला गेला तेव्हा, पन्नाशी ओलांडल्यावर, तो तिशियनची चित्रे उतरवत बसला होता.

आपल्याकडेही याला जुना दाखला आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. हे काम १८८५ पर्यंत चालले. बुद्ध, बोधिसत्त्व, जातककथांतली माणसे मुलांनी लेण्यांच्या अंधुक उजेडात मोठ्या कॅनव्हासवर उतरवली. त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढे तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांसाठी आणि पारशी घरांतल्या दृश्यांसाठी नावाजले गेले. धर्मचित्र उतरवता उतरवता माणसाचा चेहरा रंगवायला शिकणे ही वाट मराठी मुलखात दीडशे वर्षांपूर्वीच मळलेली आहे.

आता चित्राकडे येऊ, आणि रंगवणारा ज्या क्रमाने येतो त्याच क्रमाने.

पहिला प्रश्न जमिनीचा. बाजारातून आणलेला कॅनव्हास पांढराफेक असतो. त्यावर त्वचेचा कुठलाही रंग ठेवा, तो काळपट वाटतो आणि हात आपोआप पांढरा मिसळत सुटतो. सतराव्या शतकातले इटालियन चित्रकार बहुधा तपकिरी किंवा तांबूस जमिनीवर काम करत. अनुकृतीसाठीही बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर फिरवावा, फडक्याने पुसून घ्यावा आणि वाळू द्यावा. अशी मधल्या टोनची जमीन मिळाली की गडद आणि उजळ दोन्हींचा अंदाज एकदम येतो. या चित्राला तर ती हवीच, कारण त्याचा निम्म्याहून अधिक भाग काळोखात आहे.

दुसरा प्रश्न मानेच्या कलाचा. मान पुढे झुकली की चेहऱ्याचा नकाशा बदलतो. कपाळाचा भाग मोठा दिसू लागतो, डोळे-नाक-ओठ खालच्या भागात जवळ येतात, नाकाचे टोक ओठांकडे सरकते. त्यातच हे डोके एका अंगाला कललेलेही आहे. कपाळाच्या मध्यापासून हनुवटीपर्यंत एक रेघ कल्पावी आणि भुवया, डोळे, नाकपुड्या, ओठ यांच्या आडव्या रेघा तिला काटकोनात काढाव्यात. त्या सगळ्या एकमेकींना समांतर, किंचित खाली बाक घेतलेल्या येतात. नवशिका नेमका इथे फसतो. डोके तिरके काढतो आणि ओठ सवयीने आडवे सरळ. मग चेहऱ्यावर नम्रतेऐवजी कुत्सितपणा येतो. सासोफेर्रातोच्या मरियेचा सगळा भाव या एका कलावर उभा आहे. म्हणून कॅनव्हासवर चौकोन पाडून आखणी करायला मी कुणालाही नाही म्हणत नाही. फक्त चौकोन मोजून झाल्यावर ते विसरून, चित्र उलटे धरून एकदा आकार तपासावेत. उलट्या चित्रात चेहरा दिसत नाही, आकार दिसतात.

तिसरा प्रश्न छायाप्रकाशाचा, आणि तिथे चित्र खरे उलगडू लागते. डोळे किलकिले करून पाहिले की तपशील विरतात आणि तीनच गोष्टी उरतात: पांढऱ्या कापडाचा झगझगीत तुकडा, चेहऱ्याचा आणि हातांचा मधला उजेड, बाकी अंधार. चित्रातला सर्वांत उजळ रंग चेहऱ्यावर नाही, डोक्यावरच्या कापडावर आहे. चेहरा त्याच्या एक पायरी खाली ठेवला आहे. इतकेच नव्हे, त्या कापडाचीच सावली चेहऱ्यावर पडते. ज्याच्यासाठी चित्र आहे त्यालाच चित्रकाराने अर्धे झाकले. आपण चेहरा रंगवायला बसतो तेव्हा सगळा उजेड त्याच्यावर ओततो आणि पांढरा रंग कपाळावरच संपवतो. इथे पांढरा राखून ठेवायला शिकावे लागते. चेहऱ्यावरची सर्वांत उजळ जागासुद्धा कापडाशेजारी धरली तर मळकट पिवळसर निघते. पॅलेट नाइफच्या टोकावर तो रंग घेऊन चित्राच्या प्रिंटवर धरून पाहावा, पटते.

सावलीतला चेहरा काळा नाही. तो उबदार आहे, तपकिरीत तांबूस मिसळल्यासारखा. छातीवरचे लाल वस्त्र आणि पांढरे कापड यांच्यावरून परतलेला उजेड त्या सावलीत फिरतो. उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात मात्र रंग थोडा थंड, करडा होतो. ही करडी छटा मुद्दाम कालवावीच लागते असे नाही. गडद, वाळलेल्या थरावर त्वचेचा उजळ रंग अगदी पातळ ओढला की ती आपोआप उमटते, कारण खालचा गडदपणा वरच्या अर्धपारदर्शक थरातून निळसर भासतो. म्हणून आधी अंबर आणि पांढरा एवढ्याच रंगांत सगळा चेहरा घडवून घ्यावा, तो वाळू द्यावा आणि मग त्वचेचा रंग चढवावा. खालचे थर टर्पेंटाइनचे पातळ, वरचे जवसाच्या तेलाचे, हा क्रम मोडू नये. मोडला तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडकतो. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट वेळ घेतात, हेही लक्षात ठेवावे.

आता पापणी. या चित्रात मी सर्वांत जास्त वेळ जिथे थांबतो ती जागा हीच. व्यक्तिचित्र म्हणजे डोळे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. बुबुळात पांढरा ठिपका दिला की चेहरा जिवंत झाला, अशी समजूत पक्की होऊन बसते. सासोफेर्रातोने तो मार्गच बंद केला आहे. नजर खाली असल्याने बुबुळ दिसत नाही, चमकता ठिपका नाही, काढायला पापण्यांचे केस नाहीत. उरते ती वरची पापणी, पातळ कापडाखाली ठेवलेल्या सुपारीसारखी. तिच्या फुगवट्यावर थोडा उजेड, भुवईकडे वळताना सावली, आणि खालच्या कडेला एक तपकिरी गडदपणा. ही कड रेघ नाही. ती कुठे जाड होते, कुठे सावलीत विरते. गोल ब्रशने एका दमात काढलेली सारख्या जाडीची रेघ इथे ठेवून पाहा: डोळा झोपतो किंवा काजळ घातल्यासारखा दिसतो. तिच्या जागी दोन टोन शेजारी ठेवले आणि कोरड्या ब्रशने मधली सीमा हलकेच पुसली की मरिया खाली पाहू लागते. डोळा न काढता नजर काढणे, हा या चित्रातला सर्वांत मोठा धडा आहे.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना खाली झुकलेली नजर परकी नाही. तिथेही चेहरा कललेला, पापण्या जड, आणि पाहणारा आपोआप हळू बोलू लागतो. पण तिथे सारे काम रेषेचे आहे. भुवईची लांब कमान, पापणीचा बाक, ओठांची कड रेषेने बोलतात आणि रंग त्यांना साथ देतो. सासोफेर्रातोकडे बाह्यरेषा जवळपास नाहीच. एक टोन संपतो आणि दुसरा सुरू होतो. दोन्ही चित्रे एकाच भावापाशी पोचतात, वाटा मात्र उलट्या आहेत. रेषेत वाढलेल्या आपल्या हाताला तैलरंग जड का जातात, याचे उत्तर या तुलनेत मिळते.

निळ्याबद्दल बोलल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. शेल्याने कॅनव्हासची जी जागा घेतली आहे ती चेहऱ्याच्या कितीतरी पट आहे. हा निळा लाजवर्दाच्या दगडापासून केलेला नैसर्गिक अल्ट्रामरीन. दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून, आणि रंगांच्या बाजारात त्याची किंमत सर्वांत वरच्यांत होती. मरियेच्या वस्त्राला हा रंग देणे ही तिच्यापुढे ठेवलेली भेटच होती. आज आपण वापरतो तो कृत्रिम अल्ट्रामरीन फ्रान्समध्ये गिमेने तयार केला आणि १८२८ साली त्याला त्याबद्दल सहा हजार फ्रँकचे बक्षीस मिळाले. त्यामुळेच आज विद्यार्थ्याच्या खिशाला हा शेला परवडतो.

अल्ट्रामरीन तेलात गेला की पारदर्शक आणि गडद होतो; सावलीत तो जवळपास काळाच भासतो. सासोफेर्रातोने घड्या मोठ्या, सपाट ठेवल्या आहेत. नक्षी नाही, किनार नाही. उजेडाच्या जागी निळ्यात पांढरा, मध्यभागी निव्वळ निळा, सावलीत तो पार्श्वभूमीत बुडतो. पण या निळ्याचे खरे काम चेहऱ्यावर होते. एवढा प्रखर निळा आणि जवळ लाल असताना त्वचेला रंगाची गरजच फारशी उरत नाही. यलो ऑकर, लाइट रेड, पांढरा आणि कणभर काळा यांचे फिके मिश्रण पॅलेटवर मातीसारखे दिसते. तेच निळ्याशेजारी ठेवले की त्वचा होते. विद्यार्थी आधी चेहरा पूर्ण करतात आणि निळा शेवटी भरतात, म्हणून चेहरा गुलाबी होऊन बसतो. निळा आधी भरावा. मग चेहऱ्याला किती कमी लागते ते कळते.

हात हे या चित्रातले दुसरे व्यक्तिचित्र. ते घट्ट मिटलेले नाहीत, बोटे हलकी टेकलेली आहेत. बोटांचे सांधे, नखे यांचे बारकावे चित्रकाराने टाळले आहेत. प्रत्येक बोट हा एक गोलसर दांडा, एका बाजूला उजेड, एका बाजूला सावली. बोटांच्या मधल्या फटी गडद तपकिरी, काळ्या कधीच नाहीत. काळी फट दिली की हात लाकडाचे होतात. चेहऱ्याला लागेल तेवढाच वेळ हातांना द्यावा, कारण मान झुकली असली तरी प्रार्थना हातांत आहे.

शेवटी कडा. पांढऱ्या कापडाची उजेडातली कड धारदार आहे, आणि त्यामुळे डोके काळोखातून पुढे येते. शेल्याची सावलीतली कड हरवलेली आहे, त्यामुळे देह मागे राहतो. गालाची कड या दोन्हींच्या मधली. तीन प्रकारच्या कडांवर सगळी खोली उभी केली आहे. व्यक्तिचित्रात सारख्या धारेने चौफेर कापलेला चेहरा चिकटवल्यासारखा का दिसतो, ते इथे समजते.

या चित्राच्या मर्यादाही आहेत, आणि त्या बोलून दाखवल्या पाहिजेत. ही मरिया कुणी एक बाई नाही. तिला वय नाही, थकवा नाही, रस्त्यात भेटली तर ओळखू यावी अशी एकही खूण नाही. सासोफेर्रातोवर गोडवट असल्याचा आरोप होतो तो निराधार नाही. त्याच्या काही आवृत्त्या पाहताना मलाही साखर जास्त झाल्यासारखी वाटते. लंडनचे हे चित्र त्यातून वाचते ते कडक छायाप्रकाशामुळे. चेहऱ्यावर सावली टाकण्याची जी शिस्त चित्रकाराने पाळली, तिने गोडव्याला आवर घातला. पण व्यक्तिचित्राचा अर्धा भाग म्हणजे समोरच्या माणसाचे वेगळेपण टिपणे, आणि तो भाग हे चित्र शिकवू शकत नाही. निर्णय सारे चित्रकाराने आधीच घेऊन ठेवले आहेत. काय गाळायचे, उजेड कुठून आणायचा, मान किती झुकवायची, हे प्रश्न अनुकृती करणाऱ्याला पडतच नाहीत. त्याला फक्त त्यांची उत्तरे तपासायला मिळतात.

साहित्याचाही फरक आहे. सासोफेर्रातोचा पांढरा शिशाचा होता. तो उबदार, चिवट आणि विषारी. आपला टायटॅनियम व्हाइट झाकतो फार आणि थंड पडतो, त्यात यलो ऑकरचा कण घालावा लागतो. आणि आपण बहुतेक जण छापील प्रिंटवरून काम करतो, ज्यात निळ्याची आणि सावलीची खोली हमखास बदललेली असते. त्यामुळे रंग जुळवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा टोनची पायरी जुळवावी. ती जुळली की रंग थोडा इकडेतिकडे चालतो.

पॅरिसच्या लूव्हरमध्ये अनुकृती करणाऱ्यांसाठी नियम आहे की प्रतीचा आकार मूळ चित्रापेक्षा किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठा हवा, आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. घरी काम करतानाही तो पाळावा. कॅनव्हासच्या मागे 'सासोफेर्रातोवरून' असे लिहून आपले नाव आणि साल घालावे. मग प्रत भिंतीला लावून घरातल्याच कुणाला तरी, आईला, काकूला, शेजारच्या मावशींना, एका खिडकीजवळ बसवावे. डोक्यावर पांढरा पदर, मान थोडी खाली, मागे गडद चादर. जमीन तीच, रंग तेच, क्रम तोच. हे पहिले व्यक्तिचित्र अनुकृतीइतके नेटके होणार नाही. तरीही कुणाला दाखवायची वेळ आली, तर तेच दाखवा.